वासूबाबांचं चौथं 'व्हय म्हाराजा'

मे महिन्यात गोव्यात, धारगळला, स्वेटर घालून फिरणारा माणूस मी एकच पाहिला. तपकिरी, हाताने विणलेला स्वेटर, दोन्ही कोपरांना दोन वेगळ्या रंगांची ठिगळं. बाहेर हायवेवरचं डांबर मऊ होत असायचं आणि वासूबाब आमच्या सोसायटीच्या पायऱ्या उतरून चहाला यायचे. कपाळावर घाम, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कुणी म्हटलं, "काढा तरी तो," की म्हणायचे, "परत आत जावचा असा. काढघाल केली तर सर्दी होता."

आत म्हणजे सर्व्हरच्या खोलीत.

आमची शेतकऱ्यांची सोसायटी. बियाणं, खत, औषधं, आणि भात तयार झालं की कापणीच्या मशीनची नोंदणी. ऑफिसात माणसं चार. मी मॅनेजर. काउंटरवर सुलभाबाय, ती हरमलहून स्कूटरने यायची. शिपाई शाणू, वयाने माझ्याएवढाच. आणि वासूबाब. वर चेअरमनबाब, ते मीटिंगला आणि चहाला येत. आमच्या टेबलांवर नुसते पडदे आणि कीबोर्ड होते. सगळं काम मागच्या खोलीतल्या त्या एकाच यंत्रावर चालायचं आणि त्या यंत्राचे पालक वासूबाब होते. नेमणूकपत्रात 'संगणक देखभाल' असं लिहिलं होतं. पालक हा शब्द माझा.

त्या खोलीत जाताना ते चपला बाहेर काढत आणि आम्हालाही काढायला लावत. दाराच्या बाजूला एक काळी पाटी टांगलेली होती. तिच्यावर रोज सकाळी आल्या आल्या ते जुना आकडा पुसून नवा लिहीत. सर्व्हर न थांबता किती दिवस चालू आहे, त्याचा तो आकडा. मी नोकरीला लागले तेव्हा तो तीन आकडी होता. चार आकडी झाला त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना खाजं वाटलं. जत्रेतलं नव्हे, मुद्दाम करून आणलेलं. शाणू म्हणाला, "वासूबाब, नातवाच्या बारशाक इतक्या वाटूक नाय तुमी." वासूबाब म्हणाले, "नातू दर रातीचो निजता."

ती खोली ऑफिसातली एकमेव थंड जागा होती, आणि त्याचा त्रास वासूबाबांना मासळीमुळे झाला. सकाळी येताना हायवेवर मासळीवाली बसलेली असते. ताजे बांगडे दिसले की हात आवरत नाही, पण दुपारी घरी जाईपर्यंत ते टिकवायचे कुठे? सुलभाबायने पहिल्यांदा पिशवी सर्व्हरच्या मागे ठेवली. मग शाणूने. खरं सांगायचं तर एकदा मीही ठेवली. वासूबाबांनी दारावर कागद लावला: 'येथे मासळी ठेवू नये.' आठवड्याने त्याखाली दुसरी ओळ आली: 'सुकीसुद्धा.'

दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते मला एक कागद टाइप करायला देत. मथळा 'चुका'. खाली नाव, पुढे चूक. कीबोर्डखाली पासवर्ड चिकटवून ठेवणे, लॉगआउट न करता घरी जाणे, मासळी. हा कागद नोटिस बोर्डावर लागत असे. यादी करायला मला मुळातच आवडतं, त्यामुळे मी त्यात समास, रकाने, सगळं नीट करायची. एका महिन्यात त्यात आलं, 'चेअरमन: सुरमई, एक.' मी ती ओळ गाळून टाइप केलं. वासूबाबांनी कागद वाचला, खिशातलं पेन काढलं आणि ती ओळ हाताने परत घातली.

"वासूबाब, ते चेअरमन आहेत," मी म्हटलं.

"होय. म्हणान तर एकच लिहिलंय. सुरमये दोन होते."

चेअरमनबाबांनी बोर्ड वाचला. त्यानंतर ते मासळी गाडीतच ठेवू लागले.

यादीत कायम पहिलं नाव सुलभाबायचं. तिचा पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, पण माशांच्या बाहेर कधी गेला नाही, आणि या महिन्याचा मासा कोणता हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक असे. शिवाय ती लॉगआउट कधीच करायची नाही. वासूबाबांनी दहा मिनिटं हात लागला नाही तर पडदा आपोआप कुलूपबंद होईल अशी सोय केली. यावर सुलभाबायने टेबलावरचा फिरता पंखा घेतला, केसातली अबोलीची फाती, म्हणजे गजरा, सुकली होती तिचा दोरा काढला, त्याचं एक टोक पंख्याच्या मानेला आणि दुसरं माऊसला बांधलं. पंखा डावीकडे गेला की माऊस डावीकडे सरकायचा, उजवीकडे गेला की उजवीकडे. कुणीतरी काम करतंय असं समजून पडदा रात्रंदिवस उघडा.

वासूबाब तो पंखा बघत पाच मिनिटं उभे होते.

"गो सुलभा, ह्या काय?"

"वारो घेतंय, वासूबाब."

"तू हय बसलेली नसताना कोण वारो घेता?"

"माऊस," ती म्हणाली.

त्या पंख्यावर तिला तीन मेमो मिळाले. तिन्ही मीच टाइप केले.

वासूबाबांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. यंत्र काही विचारतं, खाली होय आणि नाही अशी दोन उत्तरं देतं. माणूस न वाचता होय दाबतो. वासूबाब म्हणायचे, "वाचल्याशिवाय होय म्हणू नका. निम्म्या गावाचे भानगडी त्यातसून झाले." ते स्वतः औषधाच्या बाटलीवरचा कागद दोन्ही बाजूंनी वाचायचे. एकदा बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर वाचताना त्यांची वास्कोची बस गेली.

आणि अशा माणसाने गाऱ्हाण्याची पद्धत सुरू केली.

आमच्या बाजूला कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. देवासमोर नारळ ठेवायचा, जाणत्याने मागणं बोलायचं, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. विहीर खणा, ट्रॅक्टर आणा, गाऱ्हाणं आहेच. वासूबाब सर्व्हरला नवीन अपडेट घालण्याआधी गाऱ्हाणं घालत. वेळ दुपारी एकची, कारण एक ते तीन आमचं ऑफिस बंद. सगळे लॉगआउट करून जेवायला, मग डोळा लावायला घरी. जाण्याआधी आम्ही तिघं अनवाणी त्या थंड खोलीत उभे राहायचो. सर्व्हरवर नारळ. वासूबाब समोर आपल्या पडद्या-कीबोर्डशी, स्वेटरची बटणं नीट करून, डोळे मिटून.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो जो काय नवीन अपडेट घालूक घेतलेलो असा, तो सुखरूप पार पाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोणी वायट नजर घातली असात, हॅकर म्हणा, व्हायरस म्हणा, तेका आल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि काय चुकलामाकला असात तर लेकरां म्हणान पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

अपडेट चालू झालं की यंत्रही बरोबर तीनच प्रश्न विचारायचं. जागा पुरेशी आहे, पुढे जाऊ का? जुन्या फायली काढू का? संपवू का? सुरुवातीला वासूबाब गाऱ्हाणं संपवून मग डोळे उघडून एकेक प्रश्न वाचायचे. पुढे कधीतरी दोन्ही एकत्र झालं. आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं की त्यांचं बोट होय दाबायचं. वर्षानुवर्षं बिघडलं काहीच नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांच्याही नाही. अपडेट संपवून स्वतः नियमाप्रमाणे लॉगआउट करून ते जेवायला जायचे.

त्या वर्षी चेअरमनबाबांच्या डोक्यात वास्कोची एक कंपनी बसली होती. तिचे लोक आमचं सगळं काम आपल्याकडे घेणार, इथे खोली नको, एसी नको, स्वेटर नको. वासूबाबांना निवृत्तीला दोन वर्षं होती. मीटिंगमध्ये चेअरमनबाब त्यांना म्हणाले, "वासूबाब, आतापर्यंत चाललां. एकदा जरी अडकला तर मी कंपनीक देतलंय. मगे माका नावां ठेवू नकात." वासूबाब मान हलवून उठले आणि पाटीवरचा आकडा, स्वच्छ होता तरी, परत गिरवला.

भात पिवळं झालं. कापणीचं मशीन यायचं होतं. ते एकच, बाहेरून येणारं, धारगळला चार दिवस आणि मग पुढे डिचोलीला. ज्या दिवशी संध्याकाळी चारला आम्ही ड्रायव्हरच्या हातात यादी द्यायची होती, कुणाचं शेत आधी, कुणाचं मग, त्याच दुपारी वासूबाबांनी अपडेट घेतलं. मी विचारलं, "आजच?" ते म्हणाले, "सुरक्षेचा असा. थांबाक जावचा नाय." नारळ ठेवला. गाऱ्हाणं झालं. तीन मागणी, तीन 'व्हय म्हाराजा'. नंतर वासूबाब नेहमीपेक्षा क्षणभर जास्त थांबले असावेत, कारण शाणूने, त्याला भूक लागली होती, स्वतःहून चौथं 'व्हय म्हाराजा' घालून टाकलं. वासूबाबांनी होय दाबलं. आम्ही जेवायला गेलो.

तीन वाजता मी पासवर्ड घातला. चूक. परत घातला. चूक. शाणूचा चूक. वासूबाबांचा, तो फक्त त्यांनाच ठाऊक होता आणि बराच लांब होता, तोही चूक. यंत्र चालू होतं, एसी चालू होता, दिवे हिरवे होते, आणि आम्हा कुणालाही आत घेत नव्हतं. पायऱ्यांवर शेतकरी जमू लागले होते. मशीनचा ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात पाव-भाजी खात होता. सव्वातीनला चेअरमनबाब आले.

"काय झाला?"

वासूबाब म्हणाले, "भांडी बदलली."

मग त्यांनी समजावलं, आणि संगणकाबद्दल मला आयुष्यात नीट समजलेली तेवढीच एक गोष्ट. गावातल्या प्रत्येक घरात लग्नाची मोठी टोपं नसतात. ती देवळाच्या कोठीत असतात, ज्याला लागतील तो आणतो. तसं यंत्रातल्या सगळ्या प्रोग्रामांचं काही सामान सामाईक असतं, प्रत्येकजण तेच वापरतो. आजच्या अपडेटमध्ये कोठीतलं सामान नवीन आलं. पण दारावर बसून पासवर्ड तपासणारा प्रोग्राम आधीपासून चालूच होता. त्याने अर्धं सामान आधीच उचलून ठेवलं होतं, जुनं. उरलेलं अर्धं आता कोठीतून आणतो, ते नवीन. जुन्या टोपावर नवीन झाकण बसत नाही. म्हणून तो प्रत्येकाला म्हणतो, पासवर्ड चूक.

"मगे बंद करा आणि चालू करा," चेअरमनबाब म्हणाले.

वासूबाबांनी पाटीकडे बघितलं. आम्हीही बघितलं. ते म्हणाले, "आकड्याचा काय नाय. पण इतक्या वर्सात तेची डिस्क थांबूक नाय. थांबली आणि परत फिरली नाय, तर आज यादीय नाय आणि फाल्यां काऊंटरय नाय." सर्व्हरचा स्वतःचा पडदा कधीच बंद पडला होता. वासूबाबही आमच्यासारखे त्याच दारातून आत जायचे. आतून कुणीतरी त्या दारावरच्याला उठवून परत बसवायला हवं होतं. आणि आत कुणीच नव्हतं. वासूबाबांनी शिस्त लावली होती आणि एक वाजता सगळ्यांनी लॉगआउट केलं होतं.

तेवढ्यात काउंटरकडून शाणू म्हणाला, "सुलभाबायचो पंखो चालू असा."

आम्ही सगळे तिकडे गेलो. सुलभाबाय अजून हरमलहून आली नव्हती. तिच्या टेबलावर पंखा डावीकडे वळत होता, माऊस डावीकडे सरकत होता. पडदा उघडा होता. शिवाय प्रिंटर अडकला की तो मोकळा करायची परवानगी वासूबाबांनी तिला एकदा दिली होती, आणि फक्त प्रिंटरपुरती वेगळी काढण्याचा कंटाळा केला होता. म्हणजे ती परवानगी पुरी होती. अख्ख्या ऑफिसात आत असलेली एकमेव व्यक्ती तो माऊस होता.

आणि लाईट गेली.

संगणकांना आणि प्रिंटरला बॅटरी होती. पंख्याला नव्हती. पंखा उजवीकडे जाता जाता थांबला.

"दहा मिनिटां," वासूबाब म्हणाले. "मगे पडदो कुलूप घालतलो, आणि तो उघडूक पासवर्ड लागतलो."

सगळ्यात जवळ चेअरमनबाब होते. ते सुलभाबायच्या खुर्चीत बसले, दोऱ्यासकट माऊस धरला आणि हलवू लागले. वासूबाबांनी त्यांना सांगितलं की नुसता सरकवा, दाबू नका. "सरकवतंय मरे," चेअरमनबाब म्हणाले. पायऱ्यांवरचे दोन शेतकरी जनेलातून आत बघत होते. एकाने दुसऱ्याला सांगितलं, "चेअरमन सोताच बसलो कामाक."

मी म्हटलं, "वासूबाब, आता तुम्हीच बसा आणि काय ते करा."

"दुसऱ्याच्या लॉगिनान काम करूचा नाय. नियम असा."

"तुमचाच नियम आहे तो."

"म्हणानच."

चेअरमनबाबांनी वर बघितलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण माऊस सोडता येत नव्हता.

पावणेचारला सुलभाबाय आली, हेल्मेट डोक्यावर, हातात पिशवी. पिशवीत बांगडे होते हे मी वासावरून सांगू शकते. आपल्या खुर्चीत चेअरमन बसून माऊस घासताहेत हे बघून ती दारातच थांबली. "सायबा," ती म्हणाली, "मेमो देवचो आसलो तर द्या. पंख्याक हात लावू नका."

तिला बसवलं. वासूबाब तिच्या मागे, हात पाठीशी बांधून उभे राहिले, कीबोर्डला चुकूनही हात लागू नये म्हणून. एकेक अक्षर सांगत होते, ती घालत होती. आधी दुपारच्या अपडेटची नोंद उघडायला सांगितली. "वाच," म्हणाले. "मोठ्यान."

ती वाचू लागली. "जागा पुरेशी आहे, पुढे जाऊ का? उत्तर होय. लॉगिन तपासणारे जुने प्रोग्राम आत्ता तसेच चालू ठेवू का? त्यामुळे नवीन लॉगिन बंद पडू शकते." ती थांबली. "उत्तर होय."

नेहमी तीन प्रश्न. त्या दिवशी चार होते, आणि हा नवा दुसरा होता.

चेअरमनबाब वासूबाबांकडे बघत होते. यंत्र जुनं आहे म्हणता आलं असतं, अपडेट पाठवणाऱ्यांची चूक म्हणता आली असती. त्यांना कळलंही नसतं. मला तर नक्कीच नसतं.

"तो होय माझो," वासूबाब म्हणाले. "मी वाचूक नाय. डोळे मिटलेले."

मागून शाणू हळूच म्हणाला, "चौथो माझो."

"तुझो नाय रे. बोट माझा."

मग त्यांनी सुलभाबायला शेवटची ओळ सांगितली. दारावरच्या प्रोग्रामला उठवून नव्या सामानासह परत बसवायची. यंत्राने विचारलं, करू का?

"होय म्हणू?" सुलभाबाय म्हणाली.

"वाच आधी."

चार वाजायला सात मिनिटं होती. पायऱ्यांवर लोक उभे राहिले होते. सुलभाबायने सगळं वाचलं, शेवटच्या टिंबापर्यंत. वासूबाब ऐकून म्हणाले, "आता होय." तिने दाबलं. मी माझ्या टेबलाशी धावले, पासवर्ड घातला. आत गेले. यादी काढली, छापली. प्रिंटर अडकला. सुलभाबायने तो सोडवला. ड्रायव्हरच्या हातात कागद गेला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून एक मिनिट झालं होतं, आणि ते घड्याळ पुढे आहे.

चेअरमनबाब जाताना सर्व्हरच्या खोलीपाशी थांबले. मला वाटलं आता कंपनी. त्यांनी पाटीवरचा आकडा वाचला, आणि आपला उजवा हात दाबत म्हणाले, "कंपनीवाल्यांनी माका सांगला नसता, होय कोणाचो ता." मग पायात चपला घातल्या, म्हणजे त्या त्यांनी काढल्या होत्या, आणि गेले. कंपनीचं नाव पुढची दोन वर्षं निघालं नाही.

महिन्याच्या शेवटी वासूबाबांनी 'चुका'चा कागद आणून दिला. पहिली ओळ: 'वासुदेव: न वाचता होय.' दुसरी: 'सुलभा: पंखा.' मी म्हटलं, "त्या पंख्यामुळेच तर वाचलो आपण." ते म्हणाले, "वाचलो. पण बांधलेलो तरी असा मगे." तिसरी ओळ होती, 'सुलभा: बांगडे.'

त्यांच्या निवृत्तीनंतर नवीन यंत्र आलं. खोलीत आता खताची पोती आहेत. पाटी मी ठेवून घेतली आहे, शेवटच्या आकड्यासकट.

मागच्या वर्षी शाणू आणि मी डिचोलीकडे त्यांच्या गावच्या देवळात गेलो, जत्रेच्या सकाळी. वासूबाब सभामंडपात खांबापाशी उभे होते, साध्या पांढऱ्या शर्टात, त्यामुळे मला ओळखायला थोडा वेळ लागला. गाऱ्हाणं चालू झालं. जाणता मागणं बोलत होता, गर्दी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. आणि प्रत्येक वेळी सगळे थांबल्यावर, एका श्वासाने उशिरा, खांबापासून एकटा आवाज यायचा: "व्हय म्हाराजा." मी मान उंच करून बघितलं. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले. त्यांचे सताड उघडे, जाणत्याच्या ओठांवर.

चौथ्या मागण्याला जाणत्याला खोकला आला. मधलं काही गिळलं गेलं. गर्दीने तरीही दुजोरा दिला. खांबापासून काहीच आलं नाही. जाणता पुढे बोलायला लागला तेव्हा वासूबाबांनी हात वर केला.

"मधला ऐकाक येवक नाय," ते म्हणाले. "परत सांग."

सगळं देऊळ थांबलं. जाणत्याने ते मागणं पहिल्यापासून परत म्हटलं. वासूबाबांनी ऐकलं, थोडा विचार केला, आणि मान हलवली.

"व्हय म्हाराजा."